कोऱ्या रकान्यापायी धारकोट

प्रति,
मा. संचालक (मनुष्यबळ),
केंद्रीय पर्ण प्रतवारी मंडळ, मुख्यालय,
पुणे.

अर्जदार : भरमू भावकू शिंत्रे, वय ४८, प्रतवारीकार (तंबाखू). मूळ नेमणूक निपाणी. हल्ली धारकोट उपकेंद्र, हिमाचल प्रदेश.
कायमचा पत्ता : मु. पो. बोरगाव, ता. निपाणी, जि. बेळगाव. (राज्य : आपल्या दप्तरी असेल ते.)

विषय : माहिती-पत्रकातील रकाना क्र. ७ (राज्य) कोरा राहिल्यामुळे झालेली धारकोट येथील बदली रद्द होऊन अर्जदारास १८० दिवसांच्या आत निपाणीस परत धाडण्याबाबत.

संदर्भ : १) मंडळाचा बदली आदेश दि. ११ जुलै २०२४.
२) अर्जदाराचे पहिले तीन अर्ज. उत्तर नाही.
३) अर्जदाराचा चौथा अर्ज. उत्तर आले. अर्ज निळ्या शाईत का नाही, अशी त्यात विचारणा होती. प्रस्तुत अर्ज निळ्या शाईत आहे.

महोदय,

चौथ्या अर्जाच्या उत्तरात आपल्या कार्यालयाने आणखी एक सूचना केली होती, की अर्जात 'मी', 'मला', 'माझे' असे व्यक्तिगत शब्द टाळावेत. ती अर्जदारास पटली. इथल्या हवेत माणसाने स्वतःपासून चार हात लांब उभे राहिलेलेच बरे. म्हणून हा अर्ज अर्जदाराने अर्जदाराविषयी लिहिला आहे.

१. अर्जदार गेली चोवीस वर्षे निपाणीच्या वखारींतून तंबाखूची प्रत ठरवण्याचे काम करीत आला. या कामाला यंत्र नाही. पोत्यापेक्षा दांडगा बोद फोडायचा, कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर तंबाखू काढायची, तळहातावर चोळायची आणि नाकाशी न्यायची. खकाण्याने भलेभले शिंकत बाहेर पळतात. अर्जदार शिंकत नाही. दोन व्यापारी हमरीतुमरीवर आले की "शिंत्र्याला बोलवा, त्याचं नाक सांगंल ते खरं" असे म्हणण्याची तिथे रीत होती. हे आत्मस्तुतीसाठी लिहिलेले नसून, मंडळाने नेमकी कोणती वस्तू कोणत्या हवेत नेऊन ठेवली आहे याची नोंद असावी म्हणून लिहिले आहे. निपाणीत एप्रिलमध्ये पारा अडतीसला टेकतो आणि जानेवारीत लोक सकाळी नऊपर्यंत कानाला मफलर बांधून थंडीच्या नावाने ओरडतात. आज दि. १४ जानेवारी रोजी धारकोट येथे सकाळी उणे सहा अंश होते. अर्जदार इथे रुजू होऊन आज एकशे एकाहत्तरावा दिवस आहे. आदेशातील अट क्र. ४ नुसार एकशे ऐंशी दिवस उलटले की ही नेमणूक निवृत्तीपर्यंत कायम होते. म्हणजे आणखी नऊ दिवसांत काही हालचाल झाली नाही, तर अर्जदाराच्या वाट्याला इथले बारा हिवाळे येतील. पहिल्याचाच निकाल अजून लागायचा आहे.

२. आता रकान्याविषयी. अर्जदाराचे वडील श्री. भावकू शिंत्रे, ज्यांना सगळे गाव आप्पा म्हणते, आज सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. राज्ये नव्याने आखली गेली आणि बोरगाव रेघेच्या पलीकडे पडले, तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी लाठी खाल्ली, बेल्लारीच्या तुरुंगाची भाकरी खाल्ली, आणि परत आल्यावर एक नेम धरला : कुठल्याही कागदावर 'राज्य' या शब्दापुढे स्वतःच्या हाताने काही लिहायचे नाही. निकाल लागेपर्यंत रकाना कोरा. अर्जदार पहिलीत गेला तेव्हा पाटीवर पत्ता गिरवताना आप्पांनी त्याचा हात धरला होता. "भरम्या, तालुका लिव, जिल्हा लिव. फुडं थांब. फुडचं आजून ठरायचं हाय." ते ठरेपर्यंत अर्जदाराच्या डोक्यावरचे केस गेले.

साहेबांना वाटेल की मग या घरात शिधापत्रिका, गॅस, वीज, मुलीची शाळा यांतले काहीच नसावे. सगळे आहे. कारण सीमाभागात या कामाची एक पद्धत बसलेली आहे, जी कुठल्या परिपत्रकात नाही. आपण रकाना कोरा ठेवायचा आणि कागद खिडकीतून आत सरकवायचा. आतला कारकून न बोलता तो भरतो. त्याचे काम होते, आपला नेम राहतो. आधारपत्रावर जे छापले आहे ते छापणाऱ्याने छापले. अर्जदाराच्या निपाणी कार्यालयात हे काम श्री. बसवराज हुक्केरी करीत. घरी कन्नड बोलणारा माणूस, पण अर्जदाराच्या नेमाला त्याने जितके जपले तितके सख्ख्या भावकीतल्या कुणी जपले नाही. कागद हातात आला की तो म्हणायचा, "अण्णा, जरा क्यालेंडर बघा की." अर्जदार भिंतीवरचे क्यालेंडर बघे. पेन कागदावर खरखरल्याचा आवाज येई. मग बसवराज म्हणे, "झालं बघा, चहा सांगा." अशी चोवीस वर्षे गेली. क्यालेंडरे चोवीस झाली. कुणाचे काही बिघडले नाही, आणि ज्यांचे बिघडायला हवे होते त्यांचेही बिघडले नाही.

३. गेल्या मे महिन्यात बसवराज सेवानिवृत्त झाले आणि जूनमध्ये मंडळाने सर्व कर्मचाऱ्यांची माहिती संगणकावर मागवली. ज्याने त्याने आपल्या मोबाइलवरून भरायची. खिडकी नाही, पलीकडे माणूस नाही, बघायला क्यालेंडर नाही. अर्जदाराने सवयीने रकाना सात कोरा ठेवला आणि बटण दाबले. संगणकाने हूं की चूं केले नाही. त्याच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती, जी अर्जदाराने पुढे मुलगी सौम्या हिच्याकडून वाचून घेतली : रकाना कोरा सोडल्यास 'कोणतेही राज्य चालेल' असे समजण्यात येईल.

ज्या घरात एकही राज्य चालत नाही, त्या घरातला माणूस अशा रीतीने मंडळाच्या दप्तरी कोणतेही राज्य चालणारा ठरला. जुलैत आदेश आला. त्यासोबत रंगीत प्रशस्तिपत्रही होते : "देशात कोठेही सेवा देण्याची स्वेच्छा दर्शविल्याबद्दल अभिनंदन." संपूर्ण मंडळात अशी स्वेच्छा दाखवणारे एकूण दोन कर्मचारी निघाले. दुसऱ्याचे म्हणे पत्रक भरताना नेट गेले होते.

वखारीतल्या मंडळींनी अर्जदाराचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. एका व्यापाऱ्याने भाषणात त्यास सीमेवर निघालेला जवान म्हटले व टाळ्या घेतल्या. पत्नी सौ. जयाबाई यांनी भाषण केले नाही. घरी आल्यावर शाल खुंटीला टांगत त्या एवढेच म्हणाल्या, "मामंजींनी सत्तर वर्सं न्हाय लिवलं, त्येस्नी कुणी बोरगावातनं हलिवलं न्हाय. तुमी एकडाव न्हाय लिवलं, तर थेट हिमालय. कोरं ठेवायला बी नशीब लागतं." आप्पांना मात्र मुलाचा अभिमान वाटला. "रकाना राखलास, झालं तर मग," ते म्हणाले. "जा की. थंडीच हाय, लाठी तर न्हाय न्हवं." हे ते जुलै महिन्यात, अंगात बंडी घालून, पंख्याखाली बसून म्हणाले, ही बाब इथे नमूद करणे अर्जदारास आवश्यक वाटते.

४. निपाणीहून कोल्हापूर, कोल्हापूरहून दिल्ली, दिल्लीहून पुढे एक बस आणि मग एक जीप, असा अर्जदार धारकोटास पोहोचला. पहिले दोन महिने डोंगर बघण्यात गेले. डोंगर चांगले आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. ऑक्टोबरपासून जे सुरू झाले त्यास इथले लोक ऋतू म्हणतात. अर्जदाराचा शब्द वेगळा आहे, पण तो निळ्या शाईतही शोभणार नाही.

साहेब, अर्जदाराला थंडीची भीती वाटत नाही. तिची शिसारी येते. नळातले पाणी नळातच गोठते, म्हणून आंघोळ आठवड्यातून एकदा, तीही तांब्यातांब्याने मोजून. उरलेले सहा दिवस अर्जदार स्वतःच्या वासासोबत राहतो. मोजे वाळत नाहीत. ते शेगडीजवळ टांगले की खोलीत शिळ्या ताकाचा दर्प दाटतो, आणि खिडकी उघडायची सोय नसल्याने तो दर्पच अंथरुणात शेजारी झोपायला येतो. खोबरेल तेल बाटलीत दगड होऊन बसले आहे; ते चमच्याने खरवडून डोक्याला लावावे लागते आणि डोक्यावर पुन्हा तेवढेच गोठते. जयाबाईंनी पार्सलने पाठवलेले जोंधळ्याचे पीठ आले, पण थंड हाताने थापलेली भाकरी तव्यावर पडण्याआधीच चिरते. नाकातून जे येते त्याचे वर्णन करण्याची ही जागा नव्हे; ते नियमितपणे येते एवढेच. कार्यालयाने गरम कोट दिला. तो पूर्वीच्या कर्मचाऱ्याचा आहे. त्याच्या उजव्या खिशात त्या गृहस्थाचा रुमाल होता व रुमालात जे होते ते दोन हिवाळ्यांपूर्वीचे होते. अर्जदाराने खिसा शिवून टाकला.

उपकेंद्रात दुसरा माणूस म्हणजे पहारेकरी नेगी. माणूस लाख मोलाचा, पण त्यास एकच वाक्य येते. "साब, ये तो कुछ भी नहीं, असली ठंड तो अब आएगी." हे तो सप्टेंबरपासून रोज सकाळी सांगत आला आहे आणि आजवर एकदाही खोटा ठरलेला नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारले होते, "साब, आप किस स्टेट से हैं?" अर्जदार म्हणाला, "बोरगाव." नेगीने थोडा विचार करून मान डोलावली. त्याला असे कुठलेसे राज्य असल्याचे मान्य आहे. इतक्या सहजपणे हा प्रश्न दुसऱ्या कुणीही सोडवल्याचे अर्जदाराच्या ऐकिवात नाही.

५. कामाविषयी. या भागात औषधी पानांची लागवड होणार आहे, असे गृहीत धरून मंडळाने हे उपकेंद्र उघडले. लागवड करणाऱ्यांना ते कुणी कळवले नसावे. एकशे एकाहत्तर दिवसांत प्रतवारीसाठी तीन गोण्या आल्या. पहिलीत सफरचंदाच्या पेट्यांत घालायचा पेंढा निघाला. दुसरीत अक्रोडाचा पालापाचोळा. तिसरीत मुळ्याचा वाळलेला पाला होता, आणि त्यास अर्जदाराने ब दर्जा दिल्यानंतर कळले, की तो नेगीच्या बायकोने भाजीसाठी वाळत घातला होता. तिने दर्जा मान्य केला नाही. बाकीचे दिवस अर्जदार सकाळी दहाला स्वतःची हजेरी घेतो, स्वतः हजर आहे अशी खात्री करून घेतो, आणि अहवालात 'निरंक' लिहून सही करतो.

यात नाकाचे काय झाले ते लिहायला अर्जदाराचा हात धजत नाही, तरी लिहितो. जयाबाईंनी पार्सलात निपाणीच्या तंबाखूची एक पुडीही ठेवली होती, खायला नव्हे, वासाला. अर्जदाराने ती तळहातावर घेऊन चोळली, नाकाशी नेली आणि वाट पाहिली. काहीच आले नाही. भिंतीला नाक लावावे तसे झाले. चोवीस वर्षे डोळे मिटून ज्याने जर्द्याची वखार ओळखली, त्याला हातातली स्वतःच्या गावची पुडी ओळखू येईना. त्या दिवशी अर्जदाराने तिसरा अर्ज लिहिला. त्यास उत्तर आले नाही, हे वर आलेच आहे.

६. आता प्रयत्नांविषयी. मंडळाच्या हुबळी विभागीय कार्यालयाला फोन केला असता तिथल्या बाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितले, की यात बदली रद्द करण्याचा प्रश्नच नाही. संगणकावर रकाना सातात एक शब्द भरावा. भरताक्षणी 'कोणतेही' जाऊन 'स्वराज्यातील' अशी नोंद होते आणि माणूस आपोआप मूळ जागी परततो. "एक शब्द आहे सर," त्या म्हणाल्या, "पाच मिनिटांचं काम." अर्जदाराने विचारले, तो शब्द आपण भराल का? त्या हसल्या. त्यांना वाटले अर्जदारास टंकलेखन येत नाही.

मग अर्जदाराने असा विचार केला, की भरायचाच तर पलीकडच्या राज्याचे नाव भरावे. तसे करायला त्याला, त्याच्या आप्पांना आणि निम्म्या बोरगावाला आनंदच वाटला असता. परंतु पत्रकाच्या तळाशी दुसरी एक ओळ आहे : खोटी माहिती दिल्यास सेवा समाप्त. सत्तर वर्षे ज्यास घरात खरे मानले, ते कागदावर खोटे ठरते आणि कागदावर जे खरे, ते घरात उच्चारता येत नाही. या दोहोंच्या मध्ये माणसाने कुठे बसावे, याचे उत्तर मंडळाने दिले आहे : धारकोटास.

शेवटी बसवराजना फोन लावला. ते आता संकेश्वरला मुलाकडे असतात. सगळे ऐकून ते म्हणाले, "अण्णा, मी भरलं असतं की. चोवीस वर्सं तुमचं मीच लिवलंय, मला काय नवीन न्हाय. पर ते मशीन नंबर पाठवतंय तुमच्या मोबाइलवर. बोट तुमचंच मागतंय ते." मग म्हणाले, "अवो, पहिल्यांदा तुमचं लिवलं तवा मला बी कसंसंच झालतं. दुसऱ्याचं घर आपन झाडून दिल्यावानी." हे अर्जदारास चोवीस वर्षांत ठाऊक नव्हते.

७. सबब अर्जदाराची विनंती एवढीच, की रकाना क्र. ७ साहेबांनी स्वतःच्या अधिकारात, स्वतःच्या हाताने भरावा. नियमात बसत नसल्यास कुणा कनिष्ठ लिपिकाकरवी भरून घ्यावा. संकेतक्रमांक अर्जदाराच्या मोबाइलवर येईल तो अर्जदार कळवील. तो नुसताच आकडा असल्याने कळवण्यास हरकत नाही. भरतेवेळी अर्जदार दुसरीकडे पाहत असेल याची हमी देण्यात येत आहे.

हा अर्ज वास्तविक इथे संपला होता व पाकिटात घातला होता. परंतु दि. १४ च्या दुपारपासून बर्फ पडू लागले आणि टपालाची जीप खालच्या वळणावर अडकली. ती तीन दिवस आली नाही. त्या काळात जे घडले त्यामुळे परिच्छेद ७ मधील विनंतीस अर्थ उरलेला नाही. पण खाडाखोड केलेले अर्ज स्वीकारले जात नाहीत, म्हणून तो परिच्छेद तसाच ठेवून पुढे लिहीत आहे.

८. दि. १६ रोजी सकाळी जयाबाईंचा फोन आला. दरवर्षी सतरा जानेवारीला, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, आप्पा बेळगावला जातात. चौकात उभे राहतात, फूल वाहतात, घोषणा देतात आणि संध्याकाळच्या बसने परत येतात. या वयातही त्यांनी एक वर्ष चुकवलेले नाही. यंदा त्यांना बसमध्ये सवलतीसाठी लागणारे ज्येष्ठ नागरिकाचे ओळखपत्र सापडेना. ते सुनेला म्हणाले, पत्र्याच्या पेटीत बघ. जयाबाईंनी पेटी उपसली. ओळखपत्र तळाशी मिळाले. त्याला टाचणीने जोडून, ते मिळवण्यासाठी आप्पांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जाची प्रत होती.

"त्यात लिवलंय," जयाबाई म्हणाल्या.

"काय लिवलंय?"

"राज्याच्या फुडं. त्यांच्याच हातानं. कर्नाटक. त्यांचा तो मोडक्या शेंड्याचा 'क' काय मी वळखत न्हाय व्हय? आनि खाली दोन रेघा मारल्यात."

अर्जदाराने विचारले, कुणा कारकुनाने तर भरले नसेल? जयाबाई म्हणाल्या, कारकून कशाला रेघा मारतोय. रेघा राग आल्यावर मारतात. मग अर्जदारास उलगडा झाला. बेळगावच्या चौकात जाऊन 'आम्ही या राज्यात नाही' असे ओरडायचे, तर बसने जायला हवे. बसने जायचे तर ओळखपत्र हवे. आणि ओळखपत्रासाठी त्या खिडकीत त्या दिवशी बसवराजसारखा कुणी नसावा. वीस-बावीस वर्षे हा कागद पेटीच्या तळाशी होता. जाळला नाही, फाडला नाही.

"त्येस्नी काय बोलू का मी?" जयाबाईंनी विचारले.

"नको. होतं तसं ठेव. वर लुगडी ठेव त्येच्या."

"ठेवलीच हायती." मग म्हणाल्या, "थंडी लई हाय?"

"हाय."

"मग भरून टाका की तुमी बी. मी कुणाला सांगायला जात न्हाय. ह्या घरात आता निस्तं मलाच ठावं असायचं, ह्यांनी बी लिवलंय आनि त्येंनी बी."

९. आज दि. १७ रोजी सकाळी साडेदहाला, ज्या वेळी आप्पा बेळगावच्या बसमध्ये खिडकीशी बसलेले होते, त्या वेळी अर्जदाराने मोबाइल उघडला. हातमोज्यातून पडदा चालत नाही, म्हणून हातमोजा काढला. उघड्या बोटालाही पडदा दाद देईना; बोट इतके गार होते, की यंत्रास ते माणसाचे वाटले नाही. नेगीने आणलेल्या चहाच्या ग्लासावर ते धरून ऊब आणली. मग रकाना सातावर टेकवले. अर्जदाराची समजूत होती की तिथे लिहावे लागेल. लिहावे लागत नाही. यादी खाली घरंगळत येते आणि त्यातून निवडायचे असते. क्षणभर अर्जदाराच्या मनात आले, की निवडणे म्हणजे काही लिहिणे नव्हे. ही पळवाट त्याने स्वतःच्याच पायांनी दोन पावले चालून पाहिली आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली, की तो परत फिरला. त्याने निवडले आहे. ते लिहिल्यासारखेच आहे. संकेतक्रमांक आला, तो टाकला. एक हिरवी खूण उमटली : "आपली माहिती यशस्वीरीत्या अद्ययावत झाली."

आणि काही नाही. बाहेर बर्फ पडत होते तसेच पडत राहिले, नेगीने ग्लास उचलला आणि विसळायला नेला. सत्तर वर्षे ज्या एका शब्दाला घराने अडवून धरले, तो हातून असा सुटला, की शिंक आली असती तरी जास्त जाणवले असते. थंडी, मोजे, रुमाल या सर्वांविषयी वर जे लिहिले आहे ते अर्जदार मागे घेत नाही. पण या हिरव्या खुणेइतकी ओकारी त्यास धारकोटातल्या दुसऱ्या कशाचीही आली नाही.

१०. आता खरी विनंती. हुबळीच्या बाईंनी आज फोनवर कळवले, की परतीचा आदेश मुख्यालयातून निघेल. त्यात बदलीचे कारण छापले जाते : "कर्मचाऱ्याने रकाना क्र. ७ मध्ये स्वतः नोंद केल्यामुळे." आणि आदेशाची एक प्रत रजिस्टरने कायमच्या पत्त्यावर जाते. बोरगावात रजिस्टर टपाल आप्पा स्वतः सही करून घेतात. चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, आणि सरकारी असेल तर मारुतीच्या पारावर बसलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. अर्जदाराचा बदली आदेश त्यांनी असाच वाचला होता, 'कोणतेही राज्य' या शब्दांपाशी थांबून त्यांनी पारावरच्यांना म्हटले होते, "ऐका, पोरानं न्हाय भरलं." तेव्हा ते ताठ बसले होते. असे बसलेले त्यांना अर्जदाराने फार दिवसांनी पाहिले.

तरी साहेबांनी कृपा करून परतीच्या आदेशात कारण म्हणून 'प्रशासकीय सोय' असे छापावे. किंवा 'धारकोट उपकेंद्रात काम नसल्यामुळे' असे छापावे. ते खरेही आहे. किंवा कर्मचाऱ्याचे नाक निकामी झाले असे छापावे. त्यात अर्जदाराची अब्रू गेली तरी चालेल. मंडळाला जे कारण परवडेल ते त्याने अर्जदारावर टाकावे, अर्जदार सही करून देईल. फक्त रकान्याचा उल्लेख नको. त्याची प्रत नको, टीप नको, तळाशी मुंगीच्या अक्षरांतही नको, कारण आप्पांना त्या वयातही ती वाचता येतात.

संगणकातून खरे कारण काढताच येत नसेल, तर अर्जदाराची शेवटची विनंती आहे, की आदेश काढू नये. सहा दिवस उरले आहेत, ते जाऊ द्यावेत. अर्जदार इथे राहील.

आपला, आता कोठलाही चालेल असा,

(भ. भा. शिंत्रे)
प्रतवारीकार, धारकोट उपकेंद्र
दि. १७ जानेवारी २०२५

सोबत जोडली आहेत :
१) मूळ बदली आदेशाची छायांकित प्रत.
२) रुजू अहवालाची प्रत.
३) अद्ययावत माहिती-पत्रक, बंद पाकिटात. फक्त साहेबांनी उघडावे.

प्रत माहितीस्तव : कोणासही नाही.